‘भरती’चं नवं रूप

दिनानाथ नाईकांनी आपल्या पाक्षिकाला ‘भरती’ हे नाव दिलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे खाडीत चढत जाणारं पाणी होतं. पुढे मोबाइल आले, ‘भरती’ची वेबसाइट आली, आणि तिच्यावर येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त पोरं पोलीस भरती, तलाठी भरती, रेल्वे भरती शोधत आलेली असायची. यायची, सोपाऱ्याच्या तुंबलेल्या नाल्याची बातमी बघायची आणि खाली एखादी शिवी लिहून निघून जायची. स्वप्ना मुणगेकरला हे पहिल्याच बैठकीत कळलं तेव्हा ती पोट धरून हसली. दिनानाथकाकाही हसले. हसला नाही तो फक्त जितेंद्र, काकांचा पुतण्या.

“मॅडम, हा फुकटचा ट्रॅफिक आहे,” तो म्हणाला. “ह्याचं सोनं करायचंय आपल्याला.”

स्वप्ना विरारला पश्चिमेला राहायची. साबण, शाम्पू, नूडल्स यांची खोकी सजवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. शेवटी एका केसतेलाच्या बाटलीवर टक्कल पडलेल्या माणसाचा आधीचा आणि नंतरचा फोटो लावताना ‘नंतरचा’ माणूस दुसराच आहे हे तिच्या लक्षात आलं. ते तिने बोलून दाखवलं, तेव्हा सगळी मीटिंग तिच्याकडे ‘मग काय झालं?’ अशा नजरेने पाहत राहिली. त्यानंतर काही महिन्यांतच तिने नोकरी सोडली. ‘भरती’ तिला ठाऊक होतं ते एक वाचक म्हणून. तिच्या सोसायटीत बिल्डरने पाण्याची जोडणीच न घेता फ्लॅट विकले होते. टँकरच्या मागे बादल्या घेऊन धावणाऱ्या तिथल्या बायकांबद्दल एका ओळीनेही कुणी लिहिलं नव्हतं. लिहिलं ते या करड्या, खडबडीत, नाकाशी धरल्यावर रॉकेलसारखा वास येणाऱ्या पाक्षिकाने. त्यामुळे दिनानाथकाकांनी “अंकाला नवं रूप द्यायचंय, छापील आणि मोबाइलवरचं दोन्ही,” असं सांगितलं तेव्हा तिने लगेच होकार दिला.

कचेरी नालासोपारा पश्चिमेला, पावाच्या भट्टीच्या वरच्या मजल्यावर. काका निवृत्त मास्तर. कोर्टात खेचले गेलेले, एकदा रस्त्यात मार खाल्लेले, तरी अंक न थांबवलेले. मुलं शिकून परदेशी गेली, म्हणून आता व्यवहाराची बाजू जितेंद्र बघायचा.

वाचक कोण आहे ते बघितल्याशिवाय अक्षर निवडायचं नाही, असा स्वप्नाचा हट्ट होता. मे महिन्यात काका तिला स्कूटरवर मागे बसवून फिरवत होते. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर सुकत घातलेल्या बोंबलांच्या दांड्यांखाली बसून मोबाइल वाचणाऱ्या बायका तिने पाहिल्या. उन्हात पडदा दिसत नाही म्हणून त्या डोक्यावरचा पदर मोबाइलवर ओढून घ्यायच्या. तिथेच तिने ठरवलं, अक्षर जाड हवं, काळं हवं, आणि पांढरं पान उगाच चमकायला नको.

मग एक दिवस काका तिला आपल्या गावात, गासला घेऊन गेले. “आता तुला पहिल्या पानाची बातमी दाखवतो,” म्हणाले.

ती बातमी म्हणजे हंसाताई म्हात्रे. वय पन्नाशीचं, अंगाने काटक, आवाज मात्र अख्ख्या आळीला पुरेल असा. नवरा बळीराम, त्यांची केळीची आणि वांग्याची वाडी, आणि वाडीला लागून बावखल. वसईच्या वाड्यांमध्ये जुन्या लोकांनी गोड्या पाण्याची ही तळी खणून ठेवलेली आहेत. पावसाचं पाणी त्यात जिरतं, त्यावर विहिरी गोड राहतात, आणि जास्तीचं पाणी घरात शिरायच्या आधी तिथे जाऊन बसतं. हंसाताईंच्या वाडीशेजारचं हे बावखल कुणीतरी विकलं होतं, कुणीतरी घेतलं होतं, आणि एप्रिलपासून त्यात डंपर रिकामे होत होते.

स्वप्नाला आधी दिसलं नाही, वास आला. मुंबईत पाडलेल्या इमारतींचा राडारोडा, त्यावर कुठल्यातरी गटारातून उपसलेला काळा गाळ, आणि त्या सगळ्याखाली जिवंत गाडली गेलेली मासळी. उन्हाने ते सगळं शिजत होतं. भरावाच्या कडेला अजून तळहाताएवढं पाणी उरलं होतं आणि त्यावर माश्या इतक्या दाट बसल्या होत्या की आधी तिला ते डांबर वाटलं. तिने नाकावर ओढणी धरली, मग हंसाताई नाकाला काही न लावता उभ्या आहेत हे पाहून ती खाली केली.

“सवय झाली गं बाय,” हंसाताई म्हणाल्या. “रात्री जेवताना त्रास होतो तेवढा. मासळी तर आम्ही तेव्हापासनं शिजवलीच नाय.”

“तक्रार केलीत?”

“केली की. कागदावर सगळ्यांच्या आधी सही माझी हाय. साहेब आले, रुमाल लावून बघितलं, गेले. पानी कुठं जाईल सांग मला. ज्याचं घर पाडलं त्याची घान आमच्याकडं, आनि आमचं पानी आमच्याच घरात.”

स्वप्नाने कॅमेरा काढला. हंसाताई भरावाच्या ढिगावर चढल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि मागे वळून बघतात तो ढिगातून एक पांढराशुभ्र कमोड अर्धा वर आलेला, तोंड आभाळाकडे करून. हंसाताईंना हसू आवरेना. “अगं, बघ! आमच्याकडं आता कमोड पिकाया लागले! वांगी कोन लावतंय!” आणि त्या खदखदून हसत असताना स्वप्नाने फोटो घेतला. एवढा जिवंत फोटो तिच्या हातून कधी निघाला नव्हता. त्या हसण्यातला राग कुणालाही दिसला असता, कारण मागे तो ढीग होता आणि तो कमोड होता.

त्या एका फोटोने अख्ख्या अंकाची मांडणी ठरली. ‘आवाज’ नावाचं सदर तिने आखलं: डाव्या पानभर माणसाचा चेहरा, उजव्या पानावर त्याचं स्वतःचं वाक्य, मोठ्या जाड अक्षरात, आजूबाजूला रिकामी जागा. मोबाइलवर तेच वाक्य आधी दिसणार, मग चेहरा. माणूस बोलतोय आणि आपण मान वर करून ऐकतोय, असं वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे. काकांनी नमुना पाहिला आणि कितीतरी वेळ पानावरून हात फिरवत राहिले. “स्वप्ना,” ते म्हणाले, “इतकी वर्षं मी लोकांचं म्हणणं छापत होतो. तू त्यांना पानावर बसायला पाट दिलास.”

जाहिरातींसाठी तिने एक पट्टी केली होती. लाल, पानाच्या माथ्यावर, आत पांढऱ्या अक्षरात ‘जाहिरात’. जितेंद्र जूनमध्ये ती बघून म्हणाला, “मॅडम, ही रेड पट्टी म्हणजे सिग्नलला उभं केल्यासारखं वाटतं. जरा सॉफ्ट करा ना.” तिने लाल काढून करडी केली. पुढच्या आठवड्यात तो म्हणाला, “वर कशाला? खाली घेऊ.” तिने खाली घेतली. मग त्याने ‘जाहिरात’ऐवजी ‘सहकार्य’ असा शब्द सुचवला. “आपल्याला जे मदत करतात त्यांचा मान राहतो.” स्वप्ना थोडी अडखळली. पण त्या वेळी ती जोडाक्षरं मोबाइलच्या पडद्यावर नीट बसत नव्हती म्हणून वैतागली होती. तिने मान डोलावली आणि कामाला लागली.

प्रकाशनाचा कार्यक्रम पावसाने दोनदा पुढे गेला. अखेर सप्टेंबरमधला एक रविवार ठरला, आणि शनिवारी सकाळी छापलेले गठ्ठे कचेरीत आले. स्वप्ना जिना चढून आली तेव्हा खालून पावाचा गरम वास येत होता आणि वर शाईचा. तिने गठ्ठ्याची सुतळी तोडली, वरचा अंक उचलून सवयीने नाकाशी नेला आणि मग उघडला.

मुखपृष्ठावर बावखल नव्हतं. तिथे एक टोलेजंग इमारत होती आणि ओळ होती, ‘वसई-विरारचं नवं क्षितिज’. तिला वाटलं, आयत्या वेळी काही कायदेशीर अडचण आली असेल. ती पानं उलटत गेली. मधल्या जोडपानावर हंसाताई हसत होत्या.

पण त्यांच्या मागे ढीग नव्हता. कमोड नव्हता. फोटो खांद्यापासून कापला होता आणि मागे हिरवळ, झोपाळा, धूसर झालेली दोन लहान मुलं चिकटवली होती. समोरच्या पानावर, स्वप्नाने आखलेल्या त्याच जाड काळ्या अक्षरात, तेवढीच रिकामी जागा सोडून, छापलं होतं:

‘डासांचं डबकं गेलं, आमच्या नातवंडांना बाग मिळाली! — हंसाताई, गास’

पानाच्या तळाशी ‘बावखल रेसिडेन्सी’ नावाच्या नव्या गृहसंकुलाची माहिती होती. आणि उजव्या कोपऱ्यात, तिळाएवढ्या करड्या अक्षरात, ‘सहकार्य’.

स्वप्नाच्या हाताला शाई लागली होती आणि त्या शाईला तिला एप्रिलपासून सडत पडलेल्या मासळीचा वास येऊ लागला. तळं बुजवून त्यावर तळ्याचंच नाव लावणाऱ्यांची तिला आता किळसही वाटत नव्हती. ते तसेच असतात. पण हे अक्षर तिचं होतं. ही मोकळी जागा, हा पाट तिने मांडलेला होता.

जितेंद्र लॅपटॉपमधून वर बघत म्हणाला, “कसा आलाय? कलर एक नंबर आलाय ना?”

“हा फोटो कोणी कापला?”

“आपल्याच ऑफिसच्या पोराने. नीट बसवलाय की. मॅडम, फोटोचे हक्क अंकाचे आहेत, ते आपलं सुरुवातीलाच ठरलंय.”

“ती बाई कशाला हसत होती ते माहितेय तुला?”

जितेंद्रने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ओशाळलेपण नव्हतं. तिच्या जुन्या एजन्सीतल्या त्या मीटिंगमध्ये सगळ्यांच्या तोंडावर होती तीच शांत नजर होती. “मला माहितेय,” तो म्हणाला. “वाचणाऱ्याला कुठे माहितेय?”

ती उठून आतल्या खोलीत गेली. दिनानाथकाका खिडकीपाशी बसून चहात पाव बुडवून खात होते. त्यांच्यापुढेही अंक होता, बरोबर त्याच पानावर उघडलेला. क्षणभर तिला वाटलं, त्यांनाही आत्ताच कळलंय. आता ते ओरडतील, गठ्ठे परत पाठवतील.

“मी मसुदा वाचला होता,” काका म्हणाले.

भिजलेल्या पावाचा तुकडा तुटून चहात पडला. त्यांनी तो बोटाने चाचपून बाहेर काढला आणि खाल्ला. बोटं धोतराला पुसली. स्वप्नाने नजर फिरवली.

“काका, तुम्ही स्वतः मला तिथे नेलंत. तुम्ही त्या घाणीत उभे होतात.”

“हो.”

“त्या बाईंच्या तोंडात हे वाक्य घातलंय. जुलैमध्ये त्यांच्या घरात कमरेएवढं पाणी होतं.”

“दोन पानं गिळली की बाकीची पानं बोलतात, स्वप्ना. अंक बंद पडायच्या बेतात होता. जितेंद्रने आधार आणला. नाही म्हणालो असतो तर हा शेवटचा अंक असता.”

“बाकीची पानं काय बोलतात? बावखलाची बातमी कुठाय?”

“पुढच्या अंकात घेतोय.”

“आणि पुढच्या अंकात पुन्हा यांची दोन पानं.”

काकांनी पावाचा पुढचा तुकडा तोडला. ज्या माणसाबद्दल आपण विरारच्या शेजारणींना अभिमानाने सांगत होतो, त्याच्या ओठाला पावाचा ओला कण चिकटलाय आणि आपल्याला त्याच्याकडे बघवत नाही, एवढंच स्वप्नाला कळत होतं. जितेंद्रने फसवलं असतं तर ती चिडली असती, भांडली असती. काकांनी फसवलंही नव्हतं. त्यांनी सगळं नीट वाचून, शुद्धलेखन तपासून, हो म्हटलं होतं.

“माझं नाव काढा अंकातून,” ती म्हणाली.

दारात येऊन उभा राहिलेला जितेंद्र म्हणाला, “छापून झालंय. आणि नाव काढलं म्हणून डिझाइन कोणाचं ते बदलतं का?”

ती अंक घेऊन थेट गासला गेली. रिक्षावाल्याने आळीच्या तोंडाशीच सोडलं, कारण पुढे रस्त्यावर घोटाभर पाणी होतं. हंसाताईंच्या घराच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला काळी रेघ उमटली होती. ओटीवर बळीराम भाताचं पोतं उपसून उन्हात पसरत होते. भात काळं पडलं होतं, काही दाण्यांना कोंब फुटले होते, आणि त्याला ओल्या चामड्यासारखा वास येत होता.

हंसाताई दारात आल्या. स्वप्नाच्या हातातल्या अंकाकडे त्यांनी बघितलंही नाही.

“दाखवू नको. मोबाइलवर आलाय काल, तुमच्या जितेंद्रनं धाडलाय. अख्ख्या गावाच्या मोबाइलवर आलाय.”

“ताई, हे मी केलं नाही.”

“फोटो कोनी काढला?”

“मी.”

“मग?”

स्वप्नाने अंक पिशवीत टाकला.

“काल आमच्या भरावविरोधी मिटिंगला गेले,” हंसाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज आज आळीला पुरेल असा नव्हता. “बाया उठून लांब बसल्या. एकीनं विचारलं, हंसा, फ्लॅट कितव्या माळ्यावर दिला तुला? ज्यांच्या कागदावर सगळ्यांच्या आधी माझी सही, त्यांनीच मला विचारलं. मी सांगत होते, मी असं बोलले नाय. तर म्हनतात, छापून आलंय. दिनानाथ मास्तरच्या पेपरात छापून आलंय. मास्तर खोटं छापनार नाय.”

बळीराम भात पसरायचे थांबले. “मास्तरला आम्ही मार लागला तेव्हा याच ओटीवर आनून निजवला होता,” ते म्हणाले, आणि पुन्हा खाली वाकले.

स्वप्ना म्हणाली, “उद्या संध्याकाळी नालासोपाऱ्याला हॉलमध्ये प्रकाशन आहे. मालक येणार आहेत त्या इमारतीचे. तुम्ही या.”

“येऊन काय करू? टाळ्या वाजवू?”

“मला माहीत नाही. मी माझ्याकडून जे होईल ते करते. पण ते वाक्य तुमचं नाही, हे तुमच्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही.”

हंसाताईंनी तिला आत बोलावलं नाही. चहा विचारला नाही. गासात हे सहसा घडत नाही.

रविवारी दुपारी नवरा धनेश जेवून आडवा झाला आणि स्वप्ना खिडकीशी लॅपटॉप घेऊन बसली. छापलेले अंक तिच्या हातात नव्हते, पण वेबसाइट अजून होती. तिच्या चाव्या, म्हणजे लॉगिन आणि पासवर्ड, कुणी काढून घेतल्या नव्हत्या. सगळं पुसून टाकावं असं तिच्या मनात येऊन गेलं. मग तिने तसं केलं नाही. तिने फक्त कापलेला फोटो काढून मूळ फोटो लावला, पूर्ण, कडेपासून कडेपर्यंत. छापलेलं वाक्य तसंच ठेवलं. आणि करडा ‘सहकार्य’ काढून पानाच्या माथ्यावर पहिल्या दिवशी केलेली लाल पट्टी लावली: जाहिरात. काम संपल्यावर तिने हात धुतले, आणि परत एकदा धुतले.

हॉल भरला होता. व्यासपीठावर हार, समई, मोठा पडदा. गृहसंकुलाचे मालक मधल्या खुर्चीत, त्यांच्या शेजारी दिनानाथकाका नव्या सदऱ्यात. स्वप्ना मागच्या रांगेत बसली. थोड्या वेळाने हंसाताई आणि बळीराम आले आणि दाराशीच भिंतीला टेकून उभे राहिले. हंसाताईंनी कडक इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं, पण काठाला चिखल लागलाच होता.

जितेंद्र माइकवर झकास बोलत होता. छापील अंक कसा पॉश झालाय, मोबाइलवर एका बोटात कसा उघडतो. “आणि आता बघू या आपलं सगळ्यात पॉप्युलर सदर, ‘आवाज’!” त्याने बोट फिरवलं.

पडद्यावर आधी वाक्य आलं, जसं आखलं होतं तसं. ‘डासांचं डबकं गेलं, आमच्या नातवंडांना बाग मिळाली!’ मग फोटो वर सरकला. भिंतभर ढीग. काळा गाळ, फुटक्या लाद्या, मोडकी दारं, त्यावर हसणाऱ्या हंसाताई, आणि त्यांच्या बाजूला मालकांच्या डोक्याएवढा, पांढराशुभ्र, आभाळाकडे तोंड वासलेला कमोड. वर लाल पट्टीत ‘जाहिरात’.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळीकडेच हसू फुटलं. पुढच्या रांगेतल्या बायका पदर तोंडाशी धरून हसत होत्या. लोकांचे मोबाइल वर झाले. मालकांनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं आणि ते बराच वेळ तसेच बघत राहिले. जितेंद्र मोबाइलवर बोटं आपटत होता, पण प्रत्येक वेळी तोच फोटो आणखी मोठा होत होता.

हसण्याच्या आवाजात हंसाताई चालत पुढे गेल्या. पायऱ्या चढल्या नाहीत. खालीच उभ्या राहून बोलल्या, आणि आज त्यांच्या आवाजाला माइकची गरज पडली नाही.

“मी हंसा म्हात्रे. फोटो माझा हाय. वर लिवलेलं माझं नाय. मी असं कदी बोलले नाय आनि कदी बोलनार नाय.”

हसू थांबलं. जितेंद्रने अखेर पडद्याची वायर उपटली. दिनानाथकाका उठले, कडेला आले आणि खाली वाकून हलक्या आवाजात म्हणाले, “हंसा, इथे नको. घरी बसून बोलू.”

“घरात पानी हाय, मास्तर,” हंसाताई म्हणाल्या. “इथंच बोला.”

काका तसेच वाकलेले राहिले, एक हात गुडघ्यावर. स्वप्ना वाट बघत होती. इतक्या वर्षांत ज्या माणसाला धमक्या देणाऱ्यांसमोर शब्द सापडले होते, त्याला आता एक वाक्य बोलायचं होतं: ही चूक माझी. तो सरळ उभा राहिला, मागे वळला आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसला. मालकांनी त्याच्या पाठीवर समजुतीचा हात ठेवला. तो हात त्याने झटकला नाही.

स्वप्नाला त्या रविवारचं दुसरं काही इतकं आठवत राहिलं नाही. कमोडही नाही.

वेबसाइट रात्रीपर्यंत पूर्ववत झाली आणि तिच्या चाव्या गेल्या. पण हॉलमधला व्हिडिओ विरारपासून नायगावपर्यंत फिरला. गासच्या बायका हंसाताईंच्या ओटीवर आल्या. काही खऱ्या मनाने, काही नुसतं बघायला. “सगळं ठरवून केलेलं नाटक,” असं म्हणणारेही उरलेच. इमारतीचं काम एक दिवसही थांबलं नाही. पुढच्या अंकात पान अठ्ठावीसवर तळाशी ‘खुलासा’ आला: ‘अनवधानाने काही मजकूर चुकीच्या संदर्भात गेला असल्यास दिलगीर आहोत.’ तिळाएवढ्या करड्या अक्षरात. धनेशने तो अंक लेटरबॉक्समधून आणून टेबलावर ठेवला होता. स्वप्नाने तो चिमटीत धरून जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. वर येऊन तिला वाटलं, तो रद्दीत द्यायलाही हरकत नव्हती. मग वाटलं, कुणी त्यात खायचं बांधेल.

दिवाळी झाल्यावर हंसाताईंचा फोन आला. काही प्रस्तावना नाही.

“बाय, तुला अक्षर काढता येतं ना? का मशिनीवरच?”

“हातानेही येतं.”

“मग ये रविवारी. गावातली दुसरी बावखलं हायेत, त्यांच्या कडेला बोर्ड लावायचेत. डंपरवाल्याला लांबून दिसलं पायजे. मी माफ केलंय असं समजू नको. अक्षर पायजे म्हनून बोलावते.”

“मोठं काढते,” स्वप्ना म्हणाली.

रविवारी तिने रस्त्याच्या कडेला पत्रा उभा करून पांढरा रंग दिला. तो वाळल्यावर काळ्या रंगात लिहायला बसली: ‘हे बावखल आहे. इथे भराव टाकू नये. गास ग्रामस्थ.’ ‘बावखल’ हा शब्द पुरा होत आला असताना मागून डंपर आला, खड्ड्यापाशी हळू झाला आणि ड्रायव्हरने खिडकीतून गुटख्याची पिंक टाकली. नेम धरून टाकली की सहज, कळलं नाही. ती पत्र्याच्या मधोमध पडली आणि ओघळू लागली. थोडी स्वप्नाच्या मनगटावर उडाली.

हंसाताईंनी डंपरच्या पाठीवर एक सणसणीत शिवी हाणली, बावखलातून डबाभर पाणी आणलं, आधी स्वप्नाच्या मनगटावर ओतलं आणि उरलेलं पत्र्यावर मारलं. लाल ओघळ फिकट झाला, पण पुरता गेला नाही.

“वाळला की रंगाचा दुसरा हात दे,” त्या म्हणाल्या, आणि पत्रा हलू नये म्हणून तो दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या.